वहीत न लिहिलेलं तीर्थ

श्रावणातल्या एका सोमवारी दुपारी सव्वातीन वाजता भिलाईतल्या वैशाली नगरमधल्या आमच्या घराची बेल वाजली. दारात डायलिसिस सेंटरच्या प्रज्ञा सिस्टर उभ्या होत्या. त्यांच्या हातात माझी निळी वही होती. चार वाजून दहा मिनिटांनी माझे यजमान हॉस्पिटलच्या पलंगावर होते, छातीला ईसीजीच्या तारा लावलेल्या होत्या आणि डॉक्टर त्यांच्या उजव्या हाताच्या शिरेत हळूहळू इंजेक्शन सोडत होते. मधल्या पंचावन्न मिनिटांत काय झालं ते मला ठाऊक आहे. त्याआधी, शनिवारपासून, काय झालं ते पुरतं ठाऊक नाही. जेवढं ठाऊक आहे तेवढं लिहिते.

यजमान स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवत. निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी त्यांच्या दोन्ही किडन्यांनी काम थांबवलं. कारण जुनं ब्लडप्रेशर, ज्याच्या गोळ्या ते आठवण झाली की घेत. तेव्हापासून मंगळवार, गुरुवार आणि शनिवार, सकाळी चार तास, पावर हाउस नावाच्या भागातल्या एका हॉस्पिटलात त्यांचं डायलिसिस होतं. मी तीस वर्षं एका हिंदी दैनिकाच्या डेस्कवर होते. आलेली बातमी वाचायची आणि त्यात काय नाही ते शोधायचं, हे माझं काम होतं. आजारपण घरात आलं तेव्हा मी त्याच सवयीनं एक निळी वही केली. डाव्या पानावर दिवसभरात पोटात गेलेलं प्रत्येक पाणी: चहा, वरण, ताक, गोळीसोबतचे घोट. उजव्या पानावर लघवी, जी आता जेमतेम कपभर होत होती, आणि रोज सकाळचं वजन. रक्तात पोटॅशियम साठून हृदय थांबू नये म्हणून सिस्टरनी सांगितलेली मनाई पहिल्या पानावर माझ्या अक्षरात आहे. केळं नाही. संत्रं नाही. टोमॅटो नाही. सुकामेवा नाही. नारळपाणी नाही. शेवटच्या नोंदीखाली मी लाल रेघ मारली होती, कारण भेटायला येणारा प्रत्येक माणूस हेच सांगून जाई की किडनीला नारळपाणी फार चांगलं.

प्रज्ञा सिस्टरचे वडील रेल्वेत होते, मूळ भंडाऱ्याकडचे. त्या राहतात दुर्गच्या मोहन नगरात. सेंटरमध्ये बहुतेक पेशंट हिंदी बोलणारे, त्यामुळे आम्ही गेलो की त्यांचं बोलणं एकदम घरच्यासारखं होई. त्यांची काम करण्याची रीत मी कुतूहलानं बघत असे. मशीन लावण्याआधी त्या यजमानांच्या डाव्या मनगटावर तीन बोटं ठेवत आणि डोळे मिटत. तिथे ऑपरेशन करून शीर आणि धमनी एकमेकींना जोडलेल्या आहेत. रक्त जोरात वाहतं म्हणून कातडीखाली सतत झिणझिण लागते. ती थांबली तर हात गेला, म्हणजे मशीनला जोडायची वाट बंद झाली. त्या हातावर बीपी घ्यायचं नाही, सुई टोचायची नाही, घड्याळ बांधायचं नाही, त्यावर झोपायचं नाही.

"काकू, तुमी पण रोज सकाळी हात लावून पाहत जा," त्यांनी मला पहिल्या आठवड्यातच सांगितलं. "दिवा लावला का मंग हे पाहाचं. विसराचं नाई."

मी एकदा त्या जागी कान लावून ऐकलं. आतून लांबवर कारखाना चालू असल्यासारखा आवाज येत होता. यजमान म्हणाले, "रोलिंग मिल हाय ते. बंद नोको पाडू."

पावसाळ्याच्या सुरुवातीला मोठ्या डॉक्टरांनी मला एकटीला बोलावलं. यजमानांचं हृदय कमजोर आहे, दुसरी किडनी बसवण्याचं ऑपरेशन त्यांना झेपणार नाही, आता जे आहे ते हेच, असं त्यांनी सांगितलं. मी प्रश्न विचारले, उत्तरं वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतली आणि बाहेर आले. देवाशी माझं नातं तोवर शेजाऱ्यासारखं होतं. दिवा लावायचा, सणावाराला नमस्कार करायचा, मागायचं काही नाही. नवस, साक्षात्कार, संकटात अचानक धावून आलेला अनोळखी माणूस, अशा मजकुराची पत्रं डेस्कवर येत आणि मी ती बाजूला ठेवत असे. त्या दिवशी घरी परतताना कॉलनीतल्या महादेवाच्या देवळासमोर थांबले आणि श्रावणातले सगळे सोमवार करीन, एवढंच म्हटलं. म्हणताना मला लाज वाटली आणि विश्वास वाटला नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

इथे आमच्या गावातली एक गोष्ट सांगायला हवी. भिलाईत श्रावण दोनदा लागतो. शेजारच्या छत्तीसगढी आणि हिंदी घरांचा सावन आमच्यापेक्षा पंधरा दिवस आधी सुरू होतो आणि राखीपौर्णिमेला संपतो. आम्हा मराठी घरांचा श्रावण अमावास्येनंतर लागतो आणि पोळ्याला संपतो. माझ्या नवसात "सगळे सोमवार" असं होतं. म्हणून मी शेजारणीच्या सावनापासून धरले.

सेंटरला सावन चांगला ठाऊक आहे. त्यांनी पहिल्याच सोमवारच्या आधी भिंतीवर मोठ्या अक्षरांत कागद लावला: सावन में फल, फलाहार, नारियल पानी मना है। सोमवारचा उपास मंगळवारी मशीनवर दिसतो, असं सिस्टर म्हणत. आमच्या वाराच्या पेशंटना तर हा सोमवार दुप्पट जड. शनिवारी रक्त धुतलं की थेट मंगळवारी. मधे आठवड्यातला सगळ्यात मोठा खंड. शरीरात साठायचं ते सगळं सोमवारी दुपारपर्यंत साठलेलं असतं.

मी ते वाचलं होतं आणि पाळलंही. उपास मी करत होते, यजमानांना करू देत नव्हते. त्यांची भाजी दोनदा उकळून पाणी फेकून देत होते. सोमवारी देवळातून आले की त्यांना पळीभर तीर्थ देत होते. पहिल्यांदा पळी, पुढे पुढे वाटी-दोन वाट्या. ते वहीत लिहिलं नाही. लिहायचं नाही असं ठरवलं नव्हतं. तीर्थ पाणी आहे, हे माझ्या मनातच आलं नाही.

राखी झाली. सावन संपला. पुढच्या शनिवारी आम्ही सेंटरला गेलो तेव्हा भिंतीवरचा कागद काढलेला होता, चिकटपट्टीचे चार तुकडे उरले होते. ते मी पाहिलं. आमचा श्रावण अजून निम्मा बाकी होता.

त्याच शनिवारी डायलिसिस संपल्यावर यजमानांच्या हाताचं रक्त लवकर थांबेना. सुईच्या जागी कापूस धरून दाबावं लागतं, एरवी दहा मिनिटं. त्या दिवशी वीस लागली. मी दोन्ही हातांनी धरून बसले. घरी येऊन पिशवी उघडली तर वही नव्हती. त्या वर्षभरात वही कुठे राहिली, असं कधी झालं नव्हतं. फोन करायचं मनात आलं. मग म्हटलं, मंगळवारी जायचंच आहे. दोन दिवस सुट्या कागदावर लिहिलं.

सोमवारी मी पुजाऱ्याला सांगून नारळपाण्याचा अभिषेक केला. आधीचे अभिषेक साध्या पाण्याचे होते. नारळपाणी कुठून सुचलं? शेजारच्या भाभींनी सुचवलं होतं. "दीदी, पूरा मन से करो ना, पानी तो सब चढ़ाते हैं," असं त्या म्हणाल्या होत्या. पाच नारळांचं पाणी पिंडीवरून उतरलं. पुजाऱ्यानं तांब्याचा लोटा भरून माझ्या हाती दिला. "माताजी, पूरा पिला देना। फेंकना मत।"

घरी येऊन मी तो लोटा देवासमोर ठेवला आणि वाटीनं यजमानांना दिला. दहा वाजता, बाराला आणि एकच्या सुमाराला. तीर्थ टाकत नाहीत. ते सांडलं तर आपण बोटानं टिपून डोळ्यांना लावतो. पहिल्या पानावर लाल रेघ मारलेली ओळ माझ्या अक्षरात होती. पण वही घरात नव्हती, आणि असती तरी उघडली असती का, हे मी आज खात्रीनं सांगू शकत नाही. माझ्या लेखी लोट्यात नारळपाणी नव्हतं. लोट्यात महादेव होता.

यजमानांनी विचारलं होतं, हेही लिहायला हवं. "अवं, हे गोड कावून लागून राहिलं?"

मी म्हटलं, "तीर्थ आहे. बोलू नका, घ्या."

त्यांनी घेतलं. त्या वर्षभरात मी देत गेले आणि ते घेत गेले.

अडीच वाजता ते म्हणाले की पाय जड झालेत. तीनला म्हणाले की पाय माझे नाहीत असं वाटतं. ओठांभोवती मुंग्या येत होत्या. मला वाटलं, तीन दिवसांचा खंड आहे, उद्या मशीन लागलं की उतरेल. मी त्यांचे पाय चेपत बसले आणि मनातल्या मनात नामस्मरण करत होते. ती वेळ मला अजून दिसते. मी शांत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीही तपासत नव्हते, आणि त्याला मी श्रद्धा समजत होते.

सव्वातीनला बेल वाजली.

"काकू, हे घ्या तुमची वही. ऑटो उभा हाय, मी आत येत नाई," सिस्टर म्हणाल्या. मग माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. "काका कावून झोपले जी? हे काई त्यांच्या झोपाची वेळ नाई."

चपला काढून त्या आत आल्या. आधी डाव्या मनगटावर तीन बोटं ठेवली. झिणझिण होती. मग उजव्या हाताची नाडी धरून घड्याळाकडे पाहिलं. पुरा एक मिनिट ठोके मोजले. त्यांची नजर खोलीभर फिरली आणि देवासमोरच्या लोट्यावर थांबली.

"काकांनी आज काय काय घेतलं?"

मी कागद पुढे केला. चहा, अर्धा कप. वरण, एक वाटी. गोळ्यांचं पाणी, चार घोट.

"हे त मी वाचलं. देवाचं काय देल्लं?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. मी लोट्याकडे बोट केलं. त्यांनी तो उचलला, वास घेतला, तळाशी उरलेलं पाहिलं.

"नारळ?"

"तीर्थ आहे," मी म्हटलं.

"हो काकू, तीर्थच हाय. किती देल्लं?"

"तीन वाट्या. भरून."

त्यांनी लोटा होता तिथेच, नीट, देवासमोर परत ठेवला. मला रागावल्या नाहीत. "चला. आत्ता. उद्याची वाट नाई पाहाची," एवढं म्हणाल्या आणि फोन लावून हिंदीत बोलू लागल्या: पोटॅशियम, नाडी मंद आहे, अनियमित आहे, मशीन तयार ठेवा, ईसीजी आधी. ऑटोवाल्यानं आणि त्यांनी मिळून यजमानांना उचललं. वाटेत त्यांनी उजव्या हाताची नाडी सोडली नाही. मी वही छातीशी धरून बसले होते. सुपेल्याच्या चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा यजमान पुटपुटले, "सिस्टर, ऑटोचे पैसे काकूकडून घेजो. तिनंच पाजलं."

"काका, बोलू नोका. हसवू पण नोका," सिस्टर म्हणाल्या. "भिंतीवरचा सावन संपला, तुमचा कुठं संपला होता? माह्याच ध्यानात राहाले पायजे होतं. मराठी त मीच हाव तिथं."

ईसीजीचा कागद पाहून डॉक्टरांनी रिपोर्टची वाट पाहिली नाही. आधी हृदयाला सांभाळणारं इंजेक्शन, मग मशीन. रक्ताचा रिपोर्ट नंतर आला, पोटॅशियम सातच्या वर होतं, जे साडेपाचच्या आत असावं लागतं. डॉक्टर मला म्हणाले, "घर पर एक-दो घंटे और रुक जाते तो..." चार तासांनी यजमानांनी पाय हलवून दाखवले आणि भूक लागली म्हणाले.

पुढचे काही दिवस मी तेच केलं जे मला येतं. वही तिथे कशी राहिली आणि परत कशी आली, याची चौकशी केली.

मला आठवतं त्याप्रमाणे शनिवारी मी वही पलंगाशेजारच्या खिडकीत ठेवली होती. झाडू-पोछा करणाऱ्या बाई म्हणाल्या, खिडकीत काही नव्हतं, खिडक्या त्यांनीच पुसल्या होत्या. टेक्निशियननं हात लावला नव्हता. वही सापडली सोमवारी सकाळी, आणि सापडली ती काटा चुकत होता म्हणून. पेशंटचं वजन करण्याआधी सिस्टर रोज रिकामा काटा शून्यावर आहे का ते पाहतात. त्या सकाळी तो शून्यावर येत नव्हता. काट्याच्या पायपट्टीवर, भिंतीला टेकून, माझी निळी वही होती. शनिवारी आमच्यानंतर अजून दोन पाळ्या झाल्या होत्या, त्या पेशंटचीही वजनं त्याच काट्यावर झाली होती. तेव्हा ती तिथे नव्हती, असं दोघे जण सांगतात. ती तिथे कुणी ठेवली, हे कुणी सांगू शकलं नाही. कुणीतरी ठेवलीच असेल. मी फक्त एवढंच नोंदवते की तो माणूस मला सापडला नाही.

दुसरा प्रश्न सिस्टरना विचारला. त्यांची ड्यूटी दोनला संपते. पावर हाउसवरून मोहन नगरला जायचं तर वैशाली नगर वाटेत लागत नाही. वही मंगळवारी मला मिळणारच होती. मग त्या का आल्या?

आम्ही तेव्हा सेंटरच्या बाहेर बाकावर बसलो होतो. त्या डब्यातली पोळी-भाजी खात होत्या. "दुपारी फुरसत होती त वही वाचत बसली," त्या म्हणाल्या. "मंगळवारचं वजन जास्तच राहते काकू, मोठा गॅप राहते. पण मागच्या काई मंगळवारी ते जास्तीपेक्षा जास्त होतं. अन तुमच्या डाव्या पानावर कुठंच नाई दिसून राहिलं. तुमी त घोट पण लिहिता. म्हणलं, काकू लिहून नाई राहिल्या असं कोणतं पाणी हाय?"

"म्हणून आलात?"

त्यांनी तोंडातला घास संपवला. "नाई. ते ऑटोत बसल्यावर सुचलं. निघाली कावून, ते मलेच माहीत नाई. घरी जाले ऑटो केला अन वैशाली नगर म्हणलं."

मी विचारलं की तुम्ही देवाचं मानता का. त्या हसल्या. "आमच्या घरी बाबासाहेब अन बुद्ध. तीर्थ नाई राहत आमच्याकडं. पण बुद्धपौर्णिमेले खीर राहते. माह्या मामाचं डायलिसिस होतं तवा आई त्याले खीर देऊन वहीत लिहे नाई. म्हणे, खीर थोडी पाणी हाय." पोळीचा घास मोडून त्या पुढे म्हणाल्या, "तवापासून मी सगळ्यांले विचारतो, देवाचं काय देल्लं. तुमालेच विचाराचं राहून गेलं होतं. तुमची वही इतकी साफ होती ना."

हे शेवटचं वाक्य मी घरी येऊन वहीच्या मागच्या पानावर लिहिलं. त्याखाली बरेच दिवस काही लिहिता आलं नाही. तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या मजकुरात राहून गेलेलं शोधलं. माझ्या मजकुरात जे राहिलं होतं, ते शोधायला दुसरं कुणीतरी यावं लागलं, आणि ते वेळेवर आलं. मी देवापुढे हात जोडले होते तेव्हा विश्वास नव्हता. विश्वास बसला तेव्हा मी डोळे मिटून घेतले. दोन्ही वेळा माझी चूकच झाली, तरी मला रिकाम्या हातानं परत पाठवलं गेलं नाही. शरण जाणं म्हणजे काय, हे मला नीट कळलेलं नाही. पण आता असं वाटतं की आपली वही, तिच्यातल्या कोऱ्या जागांसकट, कुणाच्या तरी हाती देणं हा त्याचाच भाग असावा. त्या शनिवारी माझ्याकडून ती दिली गेली, किंवा माझ्याकडून काढून घेतली गेली. कृतज्ञता वाटते. ती कुणाला द्यायची याची यादी केली तर पहिलं नाव सिस्टरचं येतं, आणि त्याच्या वर एक ओळ कोरी राहते.

यजमानांना यातलं काहीच कोडं वाटत नाही. "देवानंच पाजलं, देवानंच सिस्टर धाडली," ते म्हणतात. "मंधातल्या मंधात तू कावून रडून राहिली?"

पुढच्या वर्षी सावन लागण्याआधी सेंटरच्या भिंतीवर कागद लागला. राखीपौर्णिमेनंतर तो काढला नाही. त्याखाली प्रज्ञा सिस्टरनी मराठीत एक ओळ वाढवली: पोळ्यापर्यंत. तीर्थ, प्रसाद, खीर, सगळं सांगावं.

नवसातले उरलेले सोमवार मी त्याच वर्षी पूर्ण केले होते, साध्या पाण्याचे. निळी वही भरली, आता हिरवी चालू आहे. डाव्या पानावर चहा आणि वरणाच्या मधे एक नवा रकाना आहे. काल सोमवार होता. त्यात नोंद आहे: तीर्थ, एक पळी, पाणी. आज मंगळवारी सकाळी दिवा लावून झाल्यावर मी यजमानांच्या डाव्या मनगटावर तीन बोटं ठेवली. झिणझिण होती.